फोक्सवॅगन १.० टीएसआय इंजिन

१.० टीएसआय हे जर्मनीतील फोक्सवॅगन समूहाच्या ईए२११ या इंजिनकुळातील तीन सिलिंडरांचे, टर्बोचार्जर असलेले, थेट अंतःक्षेपण पद्धतीचे पेट्रोल इंजिन आहे. त्याचे विस्थापन ९९९ घन सेंटिमीटर आहे. युरोपात ते २०१५च्या सुमारास समूहाच्या छोट्या व मध्यम मोटारींत बसविले जाऊ लागले. भारतात ते २०२० साली बीएस-६ प्रदूषण मानकांबरोबर आले आणि आज त्याची निर्मिती पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यात होते. भारतात फोक्सवॅगनच्या टायगुन व व्हर्टस आणि स्कोडाच्या कुशाक, स्लाव्हिया व कायलॅक या मोटारींत हे इंजिन वापरले जाते.

आकाराने लहान असूनही हे इंजिन पूर्वीच्या दीड ते पावणेदोन लिटरच्या साध्या इंजिनाचे काम करते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक भागावर पडणारा भार मोठा असतो. वंगणतेल, इंधन आणि चालविण्याची पद्धत यांबाबतची हयगय जुनी इंजिने जितकी सोसत असत, तितकी हे इंजिन सोसत नाही. म्हणून या लेखात रचनेइतकीच जागा देखभालीला दिली आहे.

नाव आणि परिभाषा

'टीएसआय' हे समूहाचे व्यापारी नाव आहे. त्यातील आद्याक्षरे मुळात 'टर्बोचार्ज्ड स्ट्रॅटिफाइड इंजेक्शन' या शब्दांवरून घेतली गेली. स्ट्रॅटिफाइड म्हणजे स्तरित. स्पार्क प्लगजवळ दाट आणि इतरत्र विरळ असे इंधन-हवेचे मिश्रण तयार करण्याची ती कल्पना होती. सध्याचे १.० टीएसआय इंजिन मात्र नेहमीच्या चालण्यात सर्वत्र सारख्याच, म्हणजे समांगी मिश्रणावर चालते. तंत्र बदलले, नावातले अक्षर तसेच राहिले.

मराठी परिभाषेत इंजेक्शनला अंतःक्षेपण, पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप आणि स्ट्रोकला धाव म्हणतात. गॅरेजमध्ये हे शब्द ऐकू येत नाहीत. तिथे इंजेक्टर, पिस्टन आणि व्हॉल्व्हच चालतात. या लेखात दोन्ही प्रकारचे शब्द सोयीनुसार वापरले आहेत.

पार्श्वभूमी

पेट्रोल थेट सिलिंडरात फवारण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच जर्मन विमानांच्या इंजिनांत ती रुजली होती. मेसरश्मिट बीएफ १०९ या लढाऊ विमानातील डायमलर-बेंझ डीबी ६०१ हे इंजिन थेट अंतःक्षेपणाचे होते. विमान उलटे झाले तरी अशा इंजिनाचा इंधनपुरवठा तुटत नसे. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ते जमत नसे. १९५०च्या दशकाच्या आरंभी गुटब्रोड आणि गोलियाथ या जर्मन कंपन्यांनी छोट्या दोन-धावी इंजिनांत ही पद्धत आणली. १९५४ साली मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल ही थेट अंतःक्षेपणाचे चार-धावी इंजिन असलेली पहिली उत्पादित मोटार ठरली.

३०० एसएलची एक अडचण आजही उद्बोधक आहे. तिचा अंतःक्षेपण पंप यांत्रिक होता. चावी बंद केल्यावरही इंजिन पूर्ण थांबेपर्यंत तो पेट्रोल फवारत राही. हे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून वंगणतेलात मिसळे आणि तेल पातळ होई. त्यामुळे तिचे तेल फार लवकर बदलावे लागे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने हा विशिष्ट दोष गेला, पण थेट फवारलेले पेट्रोल तेलात उतरण्याचा धोका मात्र या पद्धतीच्या स्वभावातच आहे. त्याचा विचार पुढे देखभालीच्या भागात केला आहे.

१९९६ साली जपानच्या मित्सुबिशी कंपनीने गॅलंट या मोटारीत संगणक-नियंत्रित थेट अंतःक्षेपणाचे इंजिन आणले आणि या पद्धतीचे आधुनिक पर्व सुरू झाले. फोक्सवॅगनने २००० साली लुपो एफएसआय ही मोटार आणली आणि २००५ साली थेट अंतःक्षेपणाला टर्बोचार्जर व सुपरचार्जर या दोहोंची जोड देणारे १.४ टीएसआय बाजारात आणले. भारतीय ग्राहकांना टीएसआय हे नाव परिचित झाले ते २०१३ साली आलेल्या पोलो जीटीमुळे. तिचे १.२ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मात्र आधीच्या ईए१११ कुळातले होते.

ईए२११ कुळ २०११-१२च्या सुमारास आले. २०२० साली भारतात पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या मोटारींत १.० टीएसआय बसविण्यात आले. तेव्हा त्याची शक्ती ११० पीएस व टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता. २०२१ साली कुशाक व टायगुन, २०२२ साली स्लाव्हिया व व्हर्टस या मोटारी आल्या आणि त्यांत शक्ती ११५ पीएस झाली.

रचना

सिलिंडरचा अंतर्व्यास ७४.५ मिमी आणि धावेची लांबी ७६.४ मिमी आहे. प्रत्येक सिलिंडरला चार, म्हणजे एकूण बारा झडपा आहेत. संपीडन गुणोत्तर १०.५ : १ आहे. भारतीय आवृत्तीत मिनिटाला ५,००० ते ५,५०० फेऱ्यांवर ८५ किलोवॉट, म्हणजे ११५ पीएस शक्ती मिळते. १७८ न्यूटन-मीटर इतका कमाल टॉर्क १,७५० फेऱ्यांपासून ४,५०० फेऱ्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. हा टॉर्क देताना दट्ट्यावरील सरासरी परिणामी दाब हिशेबाने सुमारे २२ बार येतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १२ बार असतो. लहान इंजिनावर किती ओझे आहे, याची कल्पना या एका तुलनेवरून येते.

इंजिनाचा ठोकळा आणि शीर्ष ॲल्युमिनियम मिश्रधातूचे आहेत. तीन सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर २४० अंशांना एक स्फोट होतो आणि इंजिन पुढे-मागे डोलण्याकडे झुकते. हे डोलणे आवरण्यासाठी काही कंपन्या वेगळा संतुलन-दंड बसवितात. फोक्सवॅगनने दट्ट्ये व जोडदांडे हलके करून आणि पुली व फ्लायव्हील यांवर हेतुपुरस्सर असमतोल वजन ठेवून तो टाळला. इंजिन मंद फिरत असताना तरीही किंचित थरथर जाणवते. ती तीन सिलिंडरांची जातकुळी आहे. तिला बिघाड समजू नये.

निष्कास-वाहिनी शीर्षातच ओतलेली आहे. तिच्याभोवती शीतक खेळते, म्हणून थंड इंजिन लवकर तापते आणि जोराच्या चालण्यात निष्कास वायूंचे तापमान काबूत राहते. शीर्ष आणि ठोकळा यांचे शीतक-मार्ग स्वतंत्र आहेत. शीर्ष तुलनेने थंड ठेवले की इंधनाचे अवेळी पेटणे टळते; ठोकळा गरम राहिला की तेल पातळ राहून घर्षण कमी होते. टर्बोने दाबलेली तापलेली हवा निववणारा शीतक-विनिमयक आगम-वाहिनीतच बसविला आहे. त्याच्यासाठी वेगळा वीजचलित पंप असून इंजिन बंद केल्यावरही तो गरजेप्रमाणे काही काळ चालतो आणि टर्बोचार्जरला थंड करतो. मोटार उभी केल्यावर बॉनेटखालून येणारी हलकी गुणगुण बहुधा याचीच असते.

इंधनाचा प्रवास

टाकीतील वीजचलित पंप पेट्रोल काही बार दाबाने पुढे पाठवितो. इंजिनावर बसविलेला दुसरा पंप कॅमशाफ्टवरील उंचवट्यांनी चालतो आणि हा दाब सुमारे २५० बारपर्यंत नेतो. झडपेमागे पेट्रोल फवारणाऱ्या जुन्या पद्धतीत हा दाब अवघा तीन-चार बार असे.

एवढ्या दाबाची गरज वेळेच्या टंचाईतून निर्माण होते. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दट्ट्या वरून खाली येण्यास फक्त ६. तेवढ्या अवधीत पेट्रोल आत शिरून, त्याचे बारीक तुषार होऊन, त्यांची वाफ होऊन ती हवेत मिसळली पाहिजे. जुन्या पद्धतीत झडप उघडण्याआधीच फवारणी सुरू करण्याची मुभा होती. इथे ती नाही.

याचा लाभ असा की सिलिंडरातच बाष्पीभवन होत असल्याने पेट्रोल आतल्या हवेची उष्णता शोषून घेते. थंड हवेत अवेळी स्फोट होण्याची प्रवृत्ती कमी असते. म्हणूनच टर्बो असूनही १०.५ इतके संपीडन गुणोत्तर ठेवता आले. टर्बो आणि थेट अंतःक्षेपण यांची जोडी जमली ती या कारणाने. जाहिरातींत केवळ 'टर्बोची ताकद' म्हटले जाते. ते अर्धेच वर्णन आहे.

देखभाल

वंगणतेल. तेलपात्रात सुमारे ४ लिटर तेल मावते. भारतात नियमित सेवेचा कालावधी १५,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. यातील 'किंवा एक वर्ष' हे शब्द पुष्कळदा दुर्लक्षिले जातात. मोटार वर्षभरात चारच हजार किलोमीटर चालली, तर तेल अजून 'नवे' आहे असा समज होतो. प्रत्यक्षात अशा मोटारीचे तेल अधिक लवकर बिघडते. घरापासून दोन-तीन किलोमीटरवर बाजार, तिथून शाळा आणि परत घर, अशा फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे तुषार चिकटतात आणि दट्ट्याच्या कड्यांमधून खाली तेलात उतरतात. तेल चांगले तापले तर हे पेट्रोल उडून जाते. न तापल्यास साचत राहते. तेलपट्टीवरील पातळी वाढलेली दिसली किंवा तिला पेट्रोलचा वास आला, तर आनंद मानू नये, तेल बदलावे. अशा मोटारीला आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालविणे हितकारक असते, आणि तिचे तेल वर्ष पूर्ण होण्याआधी बदलले तर तो खर्च वाया जात नाही.

तेलाच्या डब्यावरील घट्टपणाचा आकडा जुळला म्हणजे तेल जुळले असे नाही. वाहनाच्या पुस्तिकेत फोक्सवॅगनच्या ज्या मान्यता-क्रमांकाचा उल्लेख असेल, तो डब्यावर छापलेला असावा लागतो. त्यामागे एक गंभीर कारण आहे.

मंदगती पूर्वप्रज्वलन. लहान टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त भाराखाली असताना, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेण्याचा प्रकार क्वचित घडतो. दट्ट्याच्या कडेला साचलेला तेल-पेट्रोलचा थेंब किंवा काजळीचा कण सुटून ज्वलनकक्षात येतो आणि पेटतो. यातून उद्भवणारा दाब इतका मोठा असतो की एखाद-दुसऱ्या प्रसंगात दट्ट्याची कडा किंवा जोडदांडा तुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त प्रक्षालक द्रव्ये या घटनेला चालना देतात असे आढळल्यावर तेलांचे घटक बदलले गेले आणि कॅल्शियमचा काही भाग मॅग्नेशियमने घेतला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची २०१८ मधील 'एसएन प्लस' आणि २०२० मधील 'एसपी' ही वर्गवारी मुख्यतः या धोक्याची दखल घेऊन आली.

चालकाच्या हातीही काही गोष्टी असतात. बोरघाट किंवा खंबाटकीसारख्या चढावर पाच माणसे व सामान घेऊन, वरच्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबून गाडी रेटणे टाळावे. गिअर खाली आणून इंजिनाला २,००० फेऱ्यांच्या वर चालू द्यावे. 'फेरे कमी म्हणजे पेट्रोल कमी' ही जुन्या इंजिनांवर घडलेली सवय इथे महागात पडू शकते.

झडपांवरील कार्बन. थेट अंतःक्षेपणाची ही सर्वांत चर्चिली जाणारी उणीव. जुन्या पद्धतीत पेट्रोलचा फवारा आगम-झडपेच्या पाठीवर पडे आणि पेट्रोलमधील प्रक्षालक तिला धुऊन काढीत. थेट पद्धतीत पेट्रोल झडपेला मागून स्पर्शच करीत नाही. क्रँकपेटीतील तेलकट बाष्प मात्र आगम-वाहिनीतून येतच राहते आणि तापलेल्या झडपेच्या पाठीवर त्याचा थर भाजून बसतो. थर वाढला की हवेची वाट अरुंद होते, थंड इंजिन अडखळत सुरू होते, मंद फेरे डळमळतात आणि ओढ कमी वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टाकीत ओतण्याच्या 'कार्बन क्लीनर'च्या बाटल्या या झडपा साफ करू शकत नाहीत, कारण टाकीतले इंधन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. चांगले प्रक्षालक इंजेक्टरचे टोक स्वच्छ ठेवण्यास उपयोगी पडते, पण झडपांसाठी तो उपाय नव्हे. खात्रीचा उपाय म्हणजे आगम-वाहिनी उतरवून, त्या सिलिंडरच्या झडपा बंद स्थितीत आणून, अक्रोडाच्या कवचाचा बारीक चुरा दाबहवेने मारणे. हा चुरा कार्बन खरवडण्याइतका कठीण, पण धातूला ओरखडा न पाडण्याइतका मऊ असतो. ते काम लक्षणे दिसल्यावर आणि आत दुर्बीण घालून खात्री केल्यावरच करावे. ठरावीक किलोमीटर झाले म्हणून करण्याचे कारण नाही. हीच अडचण टाळण्यासाठी टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांत थेट आणि झडपेमागील अशा दोन्ही फवारण्या एकत्र केल्या. १.० टीएसआयमध्ये तशी सोय नाही.

इंजेक्टर आणि उच्चदाब नळ्या. इंजिन बंद केल्यावरही नळ्यांत दाब शिल्लक राहतो. दाब उतरविल्याशिवाय कोणताही जोड सैल करू नये. एवढ्या दाबाची बारीक धार त्वचेत शिरू शकते. इंजेक्टर बाहेर काढल्यास त्याच्या टोकाची टेफ्लॉनची कडी पुन्हा वापरत नाहीत, दर वेळी नवी घालतात. दुरुस्तीच्या बिलात तिची नोंद आहे की नाही, हे पाहण्यासारखे असते. इंजिन चालू असताना ऐकू येणारी बारीक टिकटिक मात्र इंजेक्टर व पंप यांच्या कामाचाच आवाज आहे. २०२१ साली कुशाकच्या काही गाड्यांत इंजिन-नियंत्रणाचा ईपीसी दिवा लागून ओढ कमी होण्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने त्याचे कारण इंधनपंपात असल्याचे मान्य करून सुधारित पंप बसवून दिले.

दातेरी पट्टा आणि शीतक. आधीच्या १.२ टीएसआयमधील साखळीऐवजी येथे कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्याने फिरतात. पट्टा तुटल्यास दट्ट्ये उघड्या झडपांवर आदळतात आणि शीर्ष उघडण्याची वेळ येते. म्हणून पुस्तिकेतील तपासणीचे टप्पे पाळावेत, आणि पट्ट्याजवळ तेलाची गळती दिसल्यास टप्प्याची वाट पाहू नये. पाण्याचा पंप दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि तो स्वतंत्र छोट्या पट्ट्याने चालतो. पंप व थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या आवरणात असल्याने एक बिघडला की बहुधा पूर्ण संच बदलला जातो. शीतकाची पातळी हळूहळू उतरत असेल, तर प्रथम याच जागी पाहावे. शीतकात नळाचे पाणी घालू नये. क्षारांचे थर अरुंद मार्गांत बसतात.

इंधन: ऑक्टेन आणि इथेनॉल

भारतात बीएस-६ मानकाने साध्या पेट्रोलचे ऑक्टेन मूल्य किमान ९१ ठरविले. भारतीय आवृत्ती त्यावर चालण्यासाठी जुळविलेली आहे. स्फोटाची चाहूल लागताच संवेदक ठिणगीची वेळ मागे नेतो, त्यामुळे अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलचा फरक कडक उन्हात, चढावर किंवा पूर्ण भाराखालीच काय तो जाणवतो. शहरातील संथ रहदारीत त्यासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबाबत चित्र संमिश्र आहे. इथेनॉलची अवेळी पेटण्याला दाद न देण्याची क्षमता पेट्रोलपेक्षा बरीच जास्त आहे आणि त्याचे बाष्पीभवन होताना ते अधिक उष्णता शोषते. हे दोन्ही गुण टर्बो व थेट अंतःक्षेपणाला पोषक आहेत. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे जवळजवळ सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि जुळणी न बदललेल्या इंजिनात लिटरमागे मिळणारे अंतर त्या मानाने घटते. मोटार नेमक्या कोणत्या मिश्रणासाठी मान्य आहे, हे इंधनटाकीच्या झाकणामागील पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावे. १ एप्रिल २०२३ रोजी बीएस-६चा दुसरा टप्पा लागू होण्यापूर्वीच्या गाड्यांच्या मालकांनी तर ते अवश्य पाहावे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. कोकणासारख्या दमट भागात मोटार महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नये.

प्रदूषण

थेट अंतःक्षेपणाच्या इंजिनातून कार्बन डायऑक्साइड कमी निघत असला, तरी अतिसूक्ष्म काजळीचे कण झडपेमागील फवारणीच्या इंजिनापेक्षा अधिक निघू शकतात. दट्ट्यावर किंवा भिंतीवर पेट्रोल ओले राहिले की ते धुरकट जळते. थंड इंजिन सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. युरो-६ मानकात पेट्रोल मोटारींपैकी फक्त थेट अंतःक्षेपणाच्या मोटारींना कणसंख्येची मर्यादा घातली गेली. ती किलोमीटरमागे ६ लाख दशलक्ष, म्हणजे ६ वर अकरा शून्ये, इतकी आहे. युरोपात ती पाळण्यासाठी अनेक मोटारींच्या निष्कास-नळीत कणगाळणी बसविली जाते.

भारतात वाहनमालकाला घ्याव्या लागणाऱ्या पीयूसी तपासणीत पेट्रोल मोटारीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजले जातात, कणसंख्या मोजली जात नाही. त्यामुळे इंजेक्टरचे टोक काजळून फवारा बिघडलेली मोटारही ही तपासणी सहज उत्तीर्ण होऊ शकते. निष्कास-नळीच्या तोंडाशी आतून बोट फिरवल्यावर दाट काळी काजळी लागत असेल आणि ती पूर्वीपेक्षा वाढलेली असेल, तर इंजेक्टरची तपासणी करून घ्यावी.

१.० एमपीआयशी असलेला फरक

ईए२११ कुळातच १.० एमपीआय हे याच विस्थापनाचे इंजिन आहे. तेही पोलोमध्ये भारतात विकले गेले. त्याला टर्बो नाही आणि पेट्रोल आगम-वाहिनीत फवारले जाते. टॉर्क १७८ ऐवजी ९५ न्यूटन-मीटर आहे. उच्चदाब पंप, टर्बोचार्जर व झडपांवरील कार्बनचा प्रश्न त्याला नाही. जुनी मोटार घेताना 'एक लिटर, तीन सिलिंडर' एवढ्या वर्णनावर भागवू नये. नोंदणीपत्रातील विस्थापनाच्या आकड्यावरूनही दोहोंतला फरक कळत नाही, कारण तो दोघांचा ९९९च असतो. शक्तीचा आकडा आणि मागील दारावरील अक्षरे पाहावीत.